क्यूआर कोडचा आकार : मापन, कारणे आणि महाविद्यालयीन उपयोग

सारांश

क्यूआर कोडचा वापर आज शैक्षणिक, व्यापारी आणि शासकीय व्यवहारांत सर्वत्र होत असला तरी तो किती मोठा छापावा हा प्रश्न बहुधा संगणक चालकाच्या अंदाजावर सोडला जातो. प्रस्तुत लेखात क्यूआर कोडची रचना, त्यात साठविला जाणारा मजकूर, वाचनाचे अंतर आणि छपाईची क्षमता या चार घटकांचा आकाराशी असलेला संबंध स्पष्ट केला आहे. देवनागरी मजकुरामुळे कोड दाट का होतो याचे विशेष विवेचन केले असून महाविद्यालयीन कामकाजासाठी उपयुक्त मापे सुचविली आहेत.

बीजसंज्ञा : क्यूआर कोड, घर, आवृत्ती, मोकळी कड, दोषनिवारण, वाचनाचे अंतर, देवनागरी.

प्रस्तावना

निफाड तालुक्यातील गोदावरीकाठच्या सायखेडा गावी बाजारात फेरफटका मारला तर भाजीच्या हातगाडीपासून खतांच्या दुकानापर्यंत सर्वत्र काळ्या-पांढऱ्या चौकोनाचे दर्शन घडते. यूपीआय ही देयक प्रणाली २०१६ साली सुरू झाली. फेब्रुवारी २०१७ मध्ये भारत क्यूआरचा आरंभ झाला आणि त्यानंतर काही वर्षांतच हा चौकोन ग्रामीण व्यवहाराचा अविभाज्य भाग बनला.

शिक्षणक्षेत्रात महाराष्ट्राचा या बाबतीतील अनुभव उल्लेखनीय आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० सालचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड देण्याच्या त्यांच्या कार्याची विशेष दखल घेतली गेली. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतही क्यूआर कोड आले. केंद्र शासनाच्या २०१७ साली सुरू झालेल्या दीक्षा या मंचाशी जोडलेल्या पुस्तकांत कोडखाली सहा अक्षर-अंकांचा संकेतही छापलेला असतो, त्यामुळे कोड न वाचला गेल्यास तो संकेत टंकलिखित करून पाठ्यसामग्रीपर्यंत पोहोचता येते.

महाविद्यालयांतही आता अभिप्राय प्रपत्रे, शिष्यवृत्तीच्या सूचना, ग्रंथालयीन नोंदी, चर्चासत्रांची नोंदणी अशा अनेक कामांसाठी क्यूआर कोड वापरले जातात. तथापि सूचनाफलकावर कोड लावला म्हणजे माहिती विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली असे मानणे योग्य ठरत नाही. ज्याच्याकडे नवा आणि महाग मोबाईल आहे त्याला लहान, दाट कोडही वाचता येतो. जुन्या किंवा स्वस्त मोबाईलवर मात्र तोच कोड उघडत नाही, आणि दोष मोबाईलचा किंवा विद्यार्थ्याच्या अज्ञानाचा समजला जातो. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपत आलेली असताना हा दोष किती महाग पडू शकतो हे सांगावयास नको. यास्तव आकाराचा प्रश्न केवळ सजावटीचा नसून समान संधीचाही आहे.

उद्दिष्टे

१. क्यूआर कोडच्या अंतर्गत रचनेचा आणि आकाराचा संबंध स्पष्ट करणे.
२. वाचनाचे अंतर व छपाईची क्षमता यांवरून योग्य आकार ठरविण्याची सोपी रीत मांडणे.
३. मराठी मजकुराच्या संदर्भातील विशेष अडचण समजून घेणे.
४. महाविद्यालयीन उपयोगासाठी मापे सुचविणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेख वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचा आहे. क्यूआर कोडच्या आंतरराष्ट्रीय मानकातील प्रसिद्ध आकडेवारी आणि मुद्रण व्यवहारातील रूढ ठोकताळे यांच्या आधारे आकडेमोड करून निष्कर्ष काढले आहेत.

विवेचन

१. क्यूआर कोडची रचना

क्यूआर कोडचा जन्म १९९४ साली जपानमधील डेन्सो या वाहन-सुटे भाग निर्मात्या कंपनीत झाला. अभियंते मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो विकसित केला. कारखान्यातील सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी पूर्वीचा रेषांचा बारकोड अपुरा पडत होता, कारण त्यात जेमतेम वीसेक अक्षरे मावत. हारा यांना गो या पटावरील खेळातील काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांवरून ही कल्पना सुचली. २००० साली या कोडला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. मूळ कंपनीने एकस्वाचा हक्क न बजावता कोड सर्वांना वापरू दिल्यामुळे त्याचा प्रसार वेगाने झाला.

क्यूआर कोड म्हणजे लहान लहान चौकोनी घरांचा पट होय. प्रत्येक घर काळे किंवा पांढरे असते. पटाच्या तीन कोपऱ्यांतील मोठे चौकोन हे शोधचौकोन असून त्यांतील काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे प्रमाण १:१:३:१:१ असे असते. हे प्रमाण इतर छापील मजकुरात क्वचितच आढळते, म्हणूनच कॅमेऱ्याला कोड कोणत्याही बाजूने धरला तरी ओळखता येतो.

मानकानुसार क्यूआर कोडच्या ४० आवृत्त्या आहेत. पहिल्या आवृत्तीत प्रत्येक बाजूस २१ घरे असतात आणि पुढील प्रत्येक आवृत्तीत बाजूची ४ घरे वाढतात. त्यामुळे दुसरीत २५, तिसरीत २९, दहावीत ५७ आणि चाळिसावीत १७७ घरे होतात. मजकूर जितका मोठा तितकी आवृत्ती वरची, आणि आवृत्ती वरची म्हणजे त्याच जागेत अधिक घरे. आकाराच्या प्रश्नाचे मूळ येथे आहे. कॅमेऱ्याला वाचावयाचे असते ते एकेक घर. दोन कोड सारख्याच मापाचे छापले आणि एकात २५ व दुसऱ्यात ५७ घरे असली, तर दुसऱ्यातील घर पहिल्यातील घराच्या निम्म्याहूनही लहान असते. म्हणून ‘कोड किती सेंटिमीटरचा?’ या प्रश्नाआधी ‘त्यातील घर किती मिलिमीटरचे?’ हा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.

२. वाचनाचे अंतर आणि घराचे माप

मुद्रण व्यवहारात एक ठोकताळा रूढ आहे : कोडची रुंदी वाचनाच्या अंतराच्या एक दशांश असावी. हा ठोकताळा सुमारे २५ घरांचा कोड गृहीत धरतो. घरे अधिक असल्यास त्या प्रमाणात रुंदी वाढवावी लागते. हे सूत्र असे मांडता येईल :

कोडची रुंदी = (अंतर ÷ १०) × (बाजूची घरे ÷ २५)

या सूत्रातून घराचे माप काढले तर ते अधिकच सोपे होते :

घराची बाजू = अंतर ÷ २५०

म्हणजे २५ सें.मी. अंतरावरून वाचावयाच्या कोडचे घर १ मि.मी., एक मीटर अंतरासाठी ४ मि.मी. आणि आठ मीटर अंतरासाठी ३२ मि.मी. असावे.

या ठोकताळ्यास कॅमेऱ्याच्या कार्यपद्धतीचा आधार आहे. सर्वसाधारण मोबाईल कॅमेऱ्याला एक मीटर अंतरावर सुमारे सव्वा मीटर रुंदीचे दृश्य दिसते. कोड वाचताना मोबाईल पूर्ण क्षमतेचे छायाचित्र न काढता चलचित्राची एक चौकट तपासतो, आणि साध्या मोबाईलमध्ये तिची रुंदी १२८० बिंदूंची असू शकते. अर्थात एक मीटरवर एक बिंदू साधारण १ मि.मी. जागा व्यापतो आणि ४ मि.मी.च्या घरास चार बिंदू मिळतात. घर काळे की पांढरे हे ठरविण्यास त्याहून कमी बिंदूही पुरतात, परंतु हाताची थरथर, कमी प्रकाश, तिरका कोन आणि ओरखडे पडलेली काच यांसाठी ही शिल्लक आवश्यक असते. चांगल्या मोबाईलवर यापेक्षा लहान कोडही वाचला जाईल, मात्र सार्वजनिक सूचनेचे माप साध्या मोबाईलला धरूनच ठरवावयास हवे.

‘लहान कोड असेल तर मोबाईल जवळ न्यावा’ हा उपायही मर्यादितच आहे. अनेक मोबाईल सुमारे दहा सें.मी.पेक्षा जवळच्या वस्तूवर नीट केंद्रित होत नाहीत आणि प्रतिमा पुसट होते. शिवाय काचेच्या पेटीतील फलक, गर्दी किंवा उंची यांमुळे जवळ जाणेच शक्य नसते.

३. मजकुराची लांबी

आकार कमी करण्याचा सर्वांत प्रभावी मार्ग म्हणजे मजकूर कमी करणे. मध्यम दोषनिवारण पातळीवर दुसऱ्या आवृत्तीत २६, तिसरीत ४२, चौथीत ६२, पाचवीत ८४, सहावीत १०६ आणि दहावीत २१३ बाइट मावतात. इंग्रजी अक्षरास एक बाइट लागते.

गूगल फॉर्मचा पूर्ण दुवा सुमारे १०० अक्षरांचा असतो. त्यासाठी सहावी आवृत्ती, म्हणजे ४१ घरे लागतात. एक मीटर अंतरासाठी हा कोड १६.४ सें.मी. रुंद हवा. त्याच प्रपत्राचा लघुदुवा सुमारे ३५ अक्षरांचा असल्यामुळे तो तिसऱ्या आवृत्तीत, म्हणजे २९ घरांत मावतो आणि ११.६ सें.मी. रुंदी पुरते. प्रपत्र तयार करताना लघुदुव्याच्या पर्यायावर एक टिचकी मारल्याने कोडचे क्षेत्रफळ निम्मे होते.

माहिती प्रत्यक्ष कोडमध्ये ठेवणे आणि केवळ तिचा पत्ता ठेवणे यांतील भेदही लक्षात घ्यावयास हवा. आधारच्या सुरक्षित क्यूआर कोडमध्ये व्यक्तीचा तपशील, छायाचित्र आणि अंकीय स्वाक्षरी साठविलेली असते, कारण तो इंटरनेटविना पडताळता यावा अशी अपेक्षा आहे. साहजिकच तो अत्यंत दाट असतो आणि त्यास मोठी जागा द्यावी लागते. दीक्षाच्या सहा अक्षरी संकेताचे तत्त्व याच्या उलट आहे : माहिती मंचावर आणि पुस्तकात फक्त तिची खूण. सूचनाफलकासाठी दुसरा मार्गच श्रेयस्कर ठरतो.

४. देवनागरी मजकुराची विशेष अडचण

मराठीतून काम करणाऱ्या संस्थांना भेडसावणारा, परंतु क्वचितच चर्चिला जाणारा मुद्दा देवनागरीचा आहे. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. येथे काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. ‘सायखेडा’ हा शब्द वाचताना चार अक्षरांचा वाटत असला तरी संगणकाच्या लेखी तो सात चिन्हांचा, म्हणजे २१ बाइटचा आहे.

समजा, ७० चिन्हांची मराठी सूचना थेट कोडमध्ये भरली, तर २१० बाइट होतात आणि दहावी आवृत्ती, म्हणजे ५७ घरे लागतात. एक मीटर अंतरासाठी या कोडची रुंदी २२.८ सें.मी. हवी. ए-४ कागदाची रुंदीच २१ सें.मी. असल्यामुळे हा कोड त्या कागदावर योग्य मापात बसूच शकत नाही! तेवढ्याच लांबीचा इंग्रजी मजकूर पाचव्या आवृत्तीत, ३७ घरांत मावतो.

दुव्याच्या पत्त्यात देवनागरी असल्यास स्थिती अधिक बिकट होते. असा पत्ता नकलून घेतला असता प्रत्येक बाइटचे टक्केचिन्हासह तीन अक्षरांत रूपांतर झालेले दिसते. म्हणजे ‘सायखेडा’ या एका शब्दाची ६३ अक्षरे होतात. संकेतस्थळावर धारिकेस मराठी नाव देऊन तिच्या दुव्याचा कोड केला की तो अकारण दाट का दिसतो, याचे कारण हे आहे. याचा अर्थ मराठीचा वापर टाळावा असा नव्हे. मराठी मजकूर कोडशेजारी ठळक छापावा, दुवा उघडल्यावर येणारे पानही मराठीत असावे, फक्त कोडमधील पत्ता लघु आणि रोमन अक्षर-अंकांचा ठेवावा.

५. दोषनिवारण आणि मोकळी कड

क्यूआर कोडचा काही भाग खराब झाला तरी उरलेल्या भागावरून मजकूर पुन्हा मिळविता येतो. यासाठी चार पातळ्या आहेत : एल सुमारे ७ टक्के, एम १५ टक्के, क्यू २५ टक्के आणि एच ३० टक्के. वरची पातळी निवडली की पूरक माहिती वाढते आणि घरेही वाढू शकतात. वरील ३५ अक्षरी लघुदुव्यास एल व एम या दोन्ही पातळ्यांवर २९ घरेच लागतात, क्यू पातळीवर ३३ आणि एच पातळीवर ३७. म्हणजे येथे एलऐवजी एम घेतल्यास जादा संरक्षण विनामूल्य मिळते. आतील फलकासाठी एम पुरेशी आहे. ऊन, पाऊस व धूळ सोसणाऱ्या बाहेरील फलकासाठी क्यू किंवा एच घ्यावी आणि त्या मानाने आकार वाढवावा. उदाहरणार्थ, सायखेड्याजवळील नांदूरमध्यमेश्वर या महाराष्ट्राच्या पहिल्या रामसर क्षेत्राच्या अभ्याससहलीसाठी माहितीफलक तयार करावयाचे झाल्यास वरची पातळीच योग्य. कोडच्या मध्यभागी बोधचिन्ह बसविणे म्हणजे या संरक्षणाचा काही वाटा आपणच खर्च करणे होय, याचे भान ठेवावे.

कोडच्या चारही बाजूंस किमान चार घरांइतकी मोकळी कड असावी असे मानक सांगते. जागा वाचविण्यासाठी डीटीपी करताना बहुधा हीच कड कापली जाते, आणि चौकट किंवा मजकूर कोडला चिकटल्यामुळे त्याची सीमा कॅमेऱ्याला कळत नाही. एक मीटर अंतरासाठीच्या २९ घरांच्या कोडला दोन्ही कडा धरून ३७ घरे, म्हणजे १४.८ सें.मी. रुंदी लागते. ए-५ कागदाची रुंदीही नेमकी तेवढीच आहे. सूचनाफलकावरील कोडला अर्धा ए-४ कागद द्यावा, हा नियम त्यामुळे सहज लक्षात राहतो.

६. छपाईची मर्यादा

लहान कोडच्या बाबतीत छपाईयंत्राची क्षमताही पाहावी लागते. एका घरासाठी मुद्रकाचे किमान चार ठिपके असावेत अशी शिफारस आहे. लेबल व पावत्यांच्या औष्णिक मुद्रकात एका मिलिमीटरला साधारण आठ ठिपके असतात, म्हणून घर ०.५ मि.मी.पेक्षा लहान नसावे. ग्रंथाच्या लेबलवर संपूर्ण दुव्याऐवजी केवळ दाखलअंक असेल तर पहिली आवृत्ती पुरते आणि कडेसह १४.५ मि.मी. जागेत कोड छापता येतो. अर्थात ही छपाईची किमान मर्यादा झाली. अंतरावरून येणारे माप आणि छपाईवरून येणारे माप यांपैकी मोठे असेल ते स्वीकारावे.

झेरॉक्स प्रतीवरून पुन्हा प्रत काढल्यास घरांच्या कडा पसरतात. व्हॉट्सॲपवर आलेले आकुंचित चित्र ताणून मोठे केल्यासही हाच परिणाम होतो. मोठ्या फलकासाठी मूळ कोड एसव्हीजी किंवा पीडीएफ स्वरूपात घ्यावा, ज्यायोगे तो कितीही वाढविला तरी कडा स्पष्ट राहतात. कोड गडद रंगात व पांढऱ्या पार्श्वभूमीवर असावा, आणि चकाकणारे लॅमिनेशन शक्यतो टाळावे.

७. नियमनाच्या क्षेत्रातील धडा : महारेरा

आकार व दृश्यता यांचा नागरिकांच्या हक्काशी कसा संबंध येतो याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे महारेराचे आहे. गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत क्यूआर कोड देणे महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून बंधनकारक केले आणि उल्लंघनास ५०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. घर घेणाऱ्यास प्रकल्पाची अधिकृत माहिती तत्काळ मिळावी हा त्यामागील हेतू होता. पुढे २०२५ साली नोंदणी क्रमांक, संकेतस्थळ व कोड जाहिरातीच्या उजव्या बाजूच्या वरच्या भागात ठळकपणे देण्याचे निर्देशही द्यावे लागले. कोड असणे आणि तो दिसणे व वाचता येणे या भिन्न गोष्टी आहेत, हेच यातून सिद्ध होते.

वर्तमानपत्र २५ ते ३० सें.मी. अंतरावरून वाचले जाते, त्यामुळे २९ घरांचा कोड सुमारे ३ सें.मी. रुंद हवा. रस्त्यालगतच्या फलकासाठी २० मीटर अंतर धरले तर हीच रुंदी २.३२ मीटर होते. शिवाय धावत्या वाहनातून कोड वाचणे धोक्याचे आहे. अशा ठिकाणी शब्दांत छापलेला क्रमांक व पत्ता हाच खरा आधार ठरतो.

८. महाविद्यालयासाठी सुचविलेली मापे

| उपयोग | अंतर | बाजूची घरे | कोडची रुंदी (कड वगळून) |
|---|---|---|---|
| ग्रंथाचे लेबल, दाखलअंक | १५ सें.मी. | २१ | १.३ सें.मी. |
| टिपणे, माहितीपत्रक | २५ सें.मी. | २९ | २.९ सें.मी. |
| शुल्क खिडकी, यूपीआय | ५० सें.मी. | ३७ | ७.४ सें.मी. |
| सूचनाफलक, लघुदुवा | १ मीटर | २९ | ११.६ सें.मी. |
| सूचनाफलक, पूर्ण दुवा | १ मीटर | ४१ | १६.४ सें.मी. |
| वर्गातील पडदा, शेवटचा बाक | ८ मीटर | २९ | ९२.८ सें.मी. |

तक्त्यातील शेवटची नोंद प्राध्यापकांसाठी विशेष महत्त्वाची आहे. सादरीकरणाच्या शेवटच्या पानावर कोपऱ्यात लहानसा कोड देण्याची पद्धत रूढ झाली आहे. पडद्याची उंची १.८ मीटर असेल तर शेवटच्या बाकावरील विद्यार्थ्यासाठी कोडने त्या उंचीचा अर्धा भाग व्यापावयास हवा. म्हणून कोडसाठी स्वतंत्र पान ठेवणे आणि ते पुरेसा वेळ पडद्यावर राहू देणे इष्ट होय. अन्यथा अभिप्राय फक्त पुढच्या बाकांचा नोंदविला जातो आणि त्यालाच संपूर्ण वर्गाचे मत समजले जाते.

निष्कर्ष व शिफारशी

१. कोडचा आकार ठरविताना प्रथम घराचे माप ठरवावे. ते अंतराच्या अडीचशेव्या भागाइतके असावे.
२. आकार वाढविण्यापूर्वी मजकूर कमी करावा व लघुदुवा वापरावा.
३. देवनागरी मजकूर व देवनागरी पत्ते कोडमध्ये न भरता कोडशेजारी छापावेत.
४. चार घरांची मोकळी कड कधीही कापू नये.
५. प्रत्येक कोडखाली तो कशाचा आहे हे मराठीत लिहावे आणि लघुपत्ता द्यावा. ज्यांच्याकडे मोबाईल नाही किंवा कॅमेरा निकामी आहे त्यांचा मार्ग त्यामुळे बंद होत नाही.
६. प्रत चिकटविण्यापूर्वी उपलब्ध असलेल्या सर्वांत साध्या मोबाईलवर, प्रत्यक्ष अंतरावरून व प्रत्यक्ष प्रकाशात कोडची चाचणी घ्यावी.

समारोप

क्यूआर कोडचे गणित मोजपट्टी आणि साधा गुणाकार यांच्या पलीकडचे नाही. म्हणूनच ते तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होण्याचे कारण नाही. ग्रामीण महाविद्यालयात एकाच वर्गात अनेक पिढ्यांचे मोबाईल असतात आणि काही हातांत मोबाईल नसतोही. सूचना देणाऱ्याने आपल्या मोबाईलवर कोड उघडला म्हणून समाधान मानण्याऐवजी तो शेवटच्या विद्यार्थ्याच्या मोबाईलवर उघडेल एवढे माप द्यावे. अर्धा कागद अधिक लागला तरी तो खर्च सार्थकी लागलेला असेल.